पाचांमधला जुना

टप्प. थोडं थांबून पुन्हा एकदा टप्प.

मी आयुष्यात ऐकलेला हा पहिला आवाज, आणि तो माझाच होता. टायर रिमवर चढवून हवा भरली की त्याचे दोन्ही काठ आपापल्या जागी जाऊन बसतात. आधी एका बाजूचा बसतो, मग दुसऱ्या बाजूचा. बसताना असा आवाज होतो. त्याआधी मी नुसतं रबराचं कडं होतो. त्या दोन आवाजांनंतर मी चाक झालो.

मी एक टायर बोलतोय. मला बोलायची सवय नाही, तेव्हा सावकाश बोलेन. माझी जागा गाडीच्या डिकीत, म्हणजे मी स्टेपनी. बाकीचे चौघे रस्त्यावर आणि पाचवा मी अंधारात. जे काही शिकलो ते डिकीच्या झाकणाआडून कान देऊन. त्यामुळे कुठे चुकलो तर सांभाळून घ्या.

मला त्या दिवशी रिमवर चढवलं ते टायरवाल्या काकांनी. तेव्हा त्यांना कुणी काका म्हणत नव्हतं. दुकान नवं, मिशा नव्या, टायर रिमवर चढवायची हातातली लोखंडी टॉमीसुद्धा नवी. हवा भरून झाल्यावर त्यांनी माझ्यावर थाप मारली आणि मालकांना म्हणाले, "हा पाचवा. ह्याच्यावर पाळी न येवो."

त्यांनी ते गाडीच्या भल्यासाठी म्हटलं होतं. मला मात्र ते लागलं. पाळी न येवो म्हणजे काय? मग मी जन्मलो कशाला?

मालकांना सगळी गल्ली मामा म्हणायची. त्यांची गाडी दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची. उभी असली तरी निघाल्यासारखी दिसायची. मामा ती शर्यतीत पळवायचे. डिकीत पडल्यापडल्या मला वळणं कळायची, ब्रेक कळायचे, रस्ता कळायचा नाही. चौघे भाऊ झिजले की नवे चौघे यायचे. मी आहे तिथेच. माझ्या नक्षीत एक खडासुद्धा कधी अडकला नाही.

मग आमच्या जातीचे टायर बनायचे बंद झाले. मामाही थकले. त्यांनी गाडीला मिळतील ते रुंद, आखूड टायर घातले. दिसायला ते शालूवर गमबूट घातल्यासारखे होते, पण मामांना त्याचं काही नव्हतं. ते गेले तेव्हा गाडी त्यांच्या भाच्याकडे आली.

हे भाचेबुवा घड्याळं दुरुस्त करतात. गल्लीने त्यांचं नाव भाचेबुवाच पाडलं आहे, मीही तेच म्हणतो. स्वभाव नेमका. कुणी जुन्या घड्याळाची तबकडी नवीन रंगवून मागितली तर घड्याळ परत देतात. तबकडी बदलली की घड्याळ मेलं, असं त्यांचं म्हणणं. गाडीचा एकेक खिळा त्यांनी त्याच हिशेबाने जागेवर आणला आणि गाडी जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात नेली. परीक्षक हातात कागद घेऊन गाडीभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "चाकं सोडून सगळं सुरेख."

भाचेबुवा त्या रात्री जेवले नाहीत, असं वहिनी दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगत होत्या. वहिनी म्हणजे त्यांची बायको. मी डिकीत होतो. डिकी उघडली ती त्यानंतर. भाचेबुवांनी डोळ्याला भिंग लावलं आणि मला असं पाहिलं, जसं कधी कुणी पाहिलं नव्हतं. सगळ्या गाडीत मूळच्या जातीचा मी एकटाच उरलो होतो.

मग शोध सुरू झाला. माझ्या नक्षीवर कागद ठेवून त्यांनी वरून पेन्सिल घासली आणि तो ठसा कुठेकुठे पाठवला. उत्तरं आली, टायरही आले. एका जुन्या गोदामातून चार आले ते बोट लावलं तर भाकरीसारखे तुटायचे. दुसरे चार एकाच जागी वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे, खालून चपटे झालेले. एका गृहस्थांनी फोनवर शपथ घेऊन सांगितलं की अगदी तसेच आहेत, आणि गुंडाळलेल्या कापडातून निघाले ते ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचे. वहिनी म्हणाल्या, आता एक शेत तेवढं घेऊन टाका. पुढे हेही म्हणाल्या की मला बघायला आलात तेव्हा एवढी चौकशी केली नव्हती.

दीड वर्षाने एक पत्र आलं. लांबच्या गावी एक म्हातारा होता. आम्हाला घडवणारा कारखाना बंद पडला तेव्हा त्याने आमचे साचे भंगारातून उचलून आणले होते आणि जपून ठेवले होते. साचा आहे, पण त्यावरची अक्षरं झिजली आहेत, नमुना पाठवा, असं त्याने लिहिलं होतं. नमुना म्हणजे मी. भाचेबुवांनी मला रिमवरून उतरवलं आणि मांडीवर घेतल्यासारखं घेऊन गेले.

साचेवाल्याची शेड लहान होती. गरम रबराचा वास आला आणि मला आई भेटल्यासारखं झालं. त्याने माझ्या कुशीवरून हात फिरवत अक्षरं उतरवून घेतली. शेवटी तो आकड्यांवर थांबला. आमच्या कुशीवर तीन आकडे असतात. कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी जन्मलो ते त्यावरून कळतं. माणसाच्या तोंडावरून वय कळतं, आमचं त्या आकड्यांवरून. तो म्हणाला, बाकी सगळं हुबेहूब करतो, आकडा मात्र आजचा घालणार.

भाचेबुवा ऐकेनात. गाडी त्या सालची, तर टायरही त्याच सालचा दिसला पाहिजे, परीक्षक आकडे वाचतात, गुण कापतात. दोघांचं बराच वेळ चाललं. साचेवाला म्हणाला की आकडा हा टायरचा शब्द असतो, तो खोटा करू नये. भाचेबुवा म्हणाले, माझ्या गाडीचे टायर, मला ठाऊक असलं म्हणजे झालं. शेवटी म्हाताऱ्याने हात टेकले. पण चार नवे भाऊ साच्यातून निघाल्यावर त्याने पांढऱ्या रंगाचा डबा उघडला आणि माझ्या कुशीवर हातभर फुली मारली.

"आता तुम्हालासुद्धा ओळखू येणार नाहीत," तो म्हणाला. "वरून हा चौघांपेक्षा कोरा दिसतो. आतून ह्याचे पदर सुटत आलेत. हा बसून बसून म्हातारा झालाय. ही फुली राहू द्या, आणि ह्याला रस्त्यावर उतरवू नका."

मला राग आला, हे कबूल करतो. कोरा म्हणाला ते ऐकलं, पुढचं ऐकूनही ऐकलं नाही.

परत आल्यावर भाचेबुवांनी आम्हा पाचांना टायरवाल्या काकांच्या दुकानी नेलं. काका आता सत्तरीकडे आलेले. मागच्या थंडीत दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली. नव्या चौघांना पाहून ते लहान मुलासारखे हसले. भाचेबुवांनी त्यांना फुली दाखवली. "काका, फुलीवाला डिकीत. बाकीचे खाली." काका म्हणाले, "बरं. पण रिमचे आरे अजून आवळून यायचेत. चार दिवसांनी पाठव." आम्ही घरी परतलो.

त्या चार दिवसांत काय झालं ते दोघांनाच ठाऊक. एक भाचेबुवा, एक मी.

प्रदर्शनाचे नियम छापील आले होते. परीक्षक डिकी उघडून स्टेपनीही बघतात, आणि मूळची नसलेली कुठलीही खूण दिसली तर गुण कापतात. भाचेबुवांनी नियम दोनदा वाचला. मग कापसाचा बोळा पेट्रोलमध्ये बुडवून माझ्यापाशी बसले. घड्याळाच्या तबकडीवरचा डाग काढावा तशा नाजूक हाताने त्यांनी फुली काढली. एकेका अक्षराच्या खाचेतला रंग कोरून काढला, कडा टोकदार काडीने साफ केल्या. रंगाचा कण उरला नाही. "मला तर ओळखू येतोस तू," असं मला म्हणाले. काकांना सांगितलं म्हणजे झालं, असंही स्वतःशी म्हणाले.

पण ते काकांना सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं. ज्या दिवशी आम्हाला काकांकडे न्यायला हातगाडी आली, त्या दिवशी त्यांच्या टेबलावर एक लहानसं घड्याळ उघडं पडलं होतं. त्यांनी मान वर न करता हमालाला हाताने खूण केली, घेऊन जा.

काकांनी आम्हाला एकेक करून उतरवून घेतलं, फिरवून फिरवून पाहिलं. फुली शोधली. माझ्यावरून दोनदा नजर गेली. मग ते स्वतःशीच म्हणाले की जुन्याला घरीच ठेवलेलं दिसतंय, पाचवाही नवाच करून आणला असेल. आकडे वाचून उपयोग नव्हता, पाचही जणांवर एकच आकडा. त्यांनी हाताला आला तो उचलला. तो मी होतो. पुढच्या डाव्या चाकाला.

रिमवर चढवताना त्यांचा हात थांबला. "हा जरा ताठ वाटतो," ते म्हणाले. टॉमी काठाखाली तशीच धरून उभे राहिले.

मी तेव्हा काय करायला हवं होतं ते मला माहीत आहे. जुना टायर अडून बसतो, काठ वर येत नाही, मग माणसाला शंका येते. मी अडलो असतो तर काकांनी मला उजेडात धरलं असतं. पण मी अडलो नाही. त्यांनी काठाला साबणाचं पाणी लावलं, हवा भरली, आणि मी होता नव्हता तेवढा जोर लावून जागेवर बसलो. टप्प. पुन्हा टप्प. काकांच्या चेहऱ्यावरची शंका गेली. माझ्याच आवाजाने गेली. त्या क्षणी मी जेवढा सुखात होतो तेवढा कधीच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रस्त्यावर उतरलो.

रस्ता असा असतो होय, असं झालं मला. खडबडीत, ओला, मग कोरडा, मग उन्हाने कोमट. पहिला खडा नक्षीत अडकला तेव्हा मी तो सोडलाच नाही. प्रदर्शनात परीक्षक आले, खाली वाकले, माझ्या कुशीवरचे आकडे वाचले आणि मान हलवली. चाकांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. भाचेबुवांना पहिलं बक्षीस मिळालं. पहिला आलेल्याने मैदानाभोवतीच्या रस्त्यावर एक फेरी मारायची असते. वहिनी खाली उभ्या राहिल्या. भाचेबुवा एकटे बसले आणि मामांसारखी गाडी सोडली.

पहिल्या वळणावर मला आत काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. जुन्या अंथरुणाची शिवण उसवत जाते तसं. मला कळलं. मला ते थांबवता आलं नसतं, हे खरं. पण थांबावंसं वाटलं नाही, हेही तितकंच खरं. अजून एक वळण, एवढंच मनात होतं.

दुसऱ्या वळणावर मी फुटलो. गाडी दगडी कठड्यावर गेली. स्टिअरिंग उलटं फिरलं आणि त्यात भाचेबुवांचा उजवा हात मनगटापाशी मोडला. जीव वाचला. पण हात जुळला तो पहिल्यासारखा नाही. अंगठ्यातून आणि त्याच्या शेजारच्या बोटातून जाण गेली, ती आलीच नाही.

मी उसवलेल्या अंगाने गॅरेजच्या भिंतीला टेकून आहे. तिथूनच सगळं ऐकलं.

काका तिसऱ्या दिवशी धावत आले. वहिनी दारातच उभ्या होत्या. त्या सहसा आवाज चढवत नाहीत, तेव्हाही चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. "काका, हातभर पांढरी फुली होती. ह्यांनी बोट ठेवून दाखवली होती तुम्हाला. आंधळ्यालाही दिसली असती."

काकांनी टोपी काढून हातात घेतली. म्हणाले, "फुली होती, मुली. मीच बघितली होती. त्या दिवशी मला दिसली नाही म्हणजे माझे डोळे गेले. दुसरं काय."

भाचेबुवा आतल्या दाराच्या चौकटीत उभे होते. हात गळ्यात अडकवलेला. त्यांनी सगळं ऐकलं. मी वाट पाहिली. ते म्हणाले, "काका, चहा घेऊन जा." एवढंच. काकांना वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस आहे. ते डोळे पुसत गेले.

मी भाचेबुवांना दोष देत नाही. कुणाला द्यावा असा मी कोण? पण त्यानंतर जे झालं ते रोज थोडं थोडं झालं, आणि ते सांगितल्याशिवाय माझं भागणार नाही.

काका प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायला लागले, जरा तुम्हीपण बघून घ्या, मला नीट दिसत नाही. डॉक्टरांनी डोळे तपासून सांगितलं, चांगले आहेत. काकांनी डॉक्टरांवर विश्वास ठेवला नाही. गिऱ्हाइकांनी मात्र काकांवर ठेवला. ज्याला स्वतःला दिसत नाही म्हणतो त्याच्याकडून चाक कोण बसवून घेणार? लोक चौकातल्या दुसऱ्या दुकानात जायला लागले. मग एक दिवस काकांनी दुकानाचं शटर खाली ओढलं. वहिनीच हे सांगत गॅरेजमध्ये आल्या. म्हणाल्या, "मी फार बोलले का हो त्यांना?" भाचेबुवा खाली पडलेला स्क्रू शोधत राहिले.

ते तेव्हा माझ्यासमोरच बसलेले असायचे. लाकडी खोका पुढे घेऊन चिमट्याने लहान स्क्रू उचलायचा सराव चालायचा. स्क्रू उचलला जायचा आणि निसटायचा. निसटला की ते माझ्याकडे बघायचे, आणि नजर माझ्या कुशीवर ज्या जागी जायची ती जागा आम्हा दोघांनाच माहीत होती. दोन चोरांनी एका खोलीत राहावं तसे आम्ही राहिलो. बाहेर लोक त्यांच्यासाठी हळहळायचे. एवढा हात गेलेल्या माणसाला कोण विचारणार, की तू काय केलंस?

मला लोकांना एवढंच सांगायचं आहे. कोरा दिसणारा नवा असतोच असं नाही, आणि आमच्या अंगावर जे लिहाल तेच आम्ही बोलतो. आम्हाला खोटं बोलायला लावू नका. आमच्या मनात खोटं असतंच थोडं, तुम्ही त्याला आकडे देऊ नका. मी माझ्या हौसेसाठी एका म्हाताऱ्याचे डोळे खोटे पाडले. माफी कुणाची मागू? ज्यांची मागायची ते आज सकाळी आले होते.

काका हळू हळू आले. दुकानातलं सामान विकायला काढलंय म्हणाले. टॉमी तेवढी ठेवलीय. मग भाचेबुवांना म्हणाले, एकदा त्या टायरला हात लावू दे, मला रात्रंदिवस एकच दिसतं. ते माझ्यापाशी गुडघे मोडून बसले. अंगठ्याने माझी कूस चाचपत गेले, जुना माणूस ओळखीच्या माणसाचा चेहरा चाचपतो तसे. एक बाजू झाली, दुसरी झाली.

"तो जुना पाचवा तूच ना रे," ते मला म्हणाले. "माझ्या हाताने चढवलं होतं तुला. तेव्हा ओळखलं नाही, बघ."

मग मान वर करून भाचेबुवांना म्हणाले, "रंगाची खरखर कुठेच लागत नाही. कठड्याला घासून गेला असणार सगळा. नाही का?"

भाचेबुवांच्या हातातला चिमटा खाली पडला. त्यांनी तो उचलला नाही.

"घासून नाही गेला, काका. फुली मी पुसली होती. गुणांसाठी. तुम्ही बघितलं तेव्हा ती नव्हतीच. तुमचे डोळे चांगले आहेत."

वहिनी आतून दाराशी आल्या होत्या, त्या चौकट धरून तशाच राहिल्या.

"मी सांगणार होतो," भाचेबुवा म्हणाले. "रोज सांगणार होतो. काका, काहीतरी बोला. शिव्या द्या."

काकांनी माझ्यावरचा हात काढला. भिंतीला धरून उभे राहिले, गुडघ्यांची धूळ झटकली. त्यांनी भाचेबुवांकडे पाहिलं, त्यांच्या प्लास्टर निघालेल्या वाळक्या हाताकडे पाहिलं. वहिनी पुढे होऊन काही म्हणणार होत्या, त्यांना त्यांनी मानेनेच राहू दे म्हटलं. मग टोपी डोक्यावर घातली आणि दारातून बाहेर पडले. उजेडात क्षणभर थांबले, डोळ्यांवर हात धरून रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत बघून घेतलं, आणि चालू लागले.